हा आपला बहादूर

कर्वेनगर, पुणे
१८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा, नमस्कार.

गुडघा कसा आहे? केयूरदादा म्हणाला, नाशकात फिजिओथेरपीवालीशीही तुम्ही वाद घातलात. म्हणजे प्रकृती सुधारतेय. आईने तुमच्या खोलीतले जुने पेपर रद्दीत दिले. ओरडायचं असेल तर फोनवरच ओरडा, म्हणाली.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही.

संप मोडला हे कळलंच आहे तुम्हाला. साईनाथने सांगितलं की बाहेरच्यांनी दगा दिला, आणि तुम्ही म्हणालात, त्यांना वर्गभान नाही. उपाध्यक्षांनी कळवलं आणि अध्यक्षांनी निकाल दिला. आपल्या गार्डांच्या युनियनची सेक्रेटरी म्हणून मलाही थोडं सांगायचंय.

वारज्याच्या त्या सोसायटीत आपल्या संपतने आठवड्याची सुट्टी मागितली, म्हणून एजन्सीने त्याला काढलं. त्याच्या गेटवर उभा राहा, असं आसामहून आलेल्या एका गार्डला सांगितलं. तो म्हणाला, संपत परत येईपर्यंत मी त्या गेटवर जाणार नाही. मग त्यालाही काढलं. युनियनमध्ये येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं.

संपतला परत घ्यायला एजन्सी तयार झाली, तो गार्ड तेवढा राहिला, म्हणून साईनाथने मोर्चा नेला. झेंडे, घोषणा, 'बहादूरला कामावर घ्या!' मी तेव्हा लेबर ऑफिसात होते, पोचले तोवर सगळं उरकलं होतं. झालं असं की एजन्सीचा सुपरवायझर आत गेला आणि भलत्याच एका गार्डला हाताला धरून बाहेर घेऊन आला. तोही आसामचाच. "हा काय तुमचा बहादूर. आहे की ड्यूटीवर!" झालं, आपल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साईनाथने स्वतःचं लाल उपरणं त्याच्या गळ्यात घातलं. तो बिचारा 'मैं वो नहीं हूँ, मैं वो नहीं हूँ' म्हणत राहिला. लोकांना वाटलं, लाजतोय. विजय साजरा करून सगळे घरी गेले.

ज्याची नोकरी गेली होती तो समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून हे बघत होता.

संपतही टाळ्या वाजवत होता. मी त्याला नंतर विचारलं, अरे, तुझ्यासाठी ज्याची नोकरी गेली त्याला तू ओळखलं नाहीस? "ताई, खरं सांगू का, आमाला त्ये समदे सारकेच दिसत्यात. आमी समद्यांनाच बहादूर म्हन्तो." खोटं बोलला नाही, एवढंच त्याचं कौतुक.

मला भयंकर राग आला, बाबा. अजून गेलेला नाही.

पुढचं सरळ आहे. आसाम, नेपाळ, झारखंड, जेवढे होते तेवढे युनियन सोडून गेले. पुढच्या महिन्यात आपण संप केला, तेव्हा एजन्सीने त्यांना गेटांवर उभं केलं आणि ते उभे राहिले. तिसऱ्या दिवशी आपले लोक माना खाली घालून कामावर. मालकाला फूट पाडायचे कष्टही पडले नाहीत, आपण ती आयती तयार ठेवली होती. अभ्यासवर्गात तुम्ही इतकी वर्षं सांगत आलात की कामगाराला जात नसते, प्रांत नसतो, असले प्रश्न काढले की एकजूट फुटते. मी ते मनापासून मानलं. आता बघा, आपण ते कधीच काढले नाहीत, तरी फुटली. ज्याचा चेहरा ओळखायची तसदी आपण घेत नाही, त्याने आपल्यासाठी उपाशी राहावं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मी शिवण्याला त्या नोकरी गेलेल्या गार्डच्या खोलीवर जाऊन आले. चहा केला त्याने. म्हणाला, अध्यक्षांनी स्वतः सगळ्यांसमोर मला माझ्या नावाने बोलवावं, आम्ही सगळे परत येऊ. नाहीतर नाही. हे तुम्हाला फोनवर सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "बहादूरला म्हणावं, संघटना माणसापेक्षा मोठी असते."

इतका वेळ जे टाळत होते ते आता लिहिते. हा शब्द युनियनमध्ये तुम्ही आणलात. त्याच्या पहिल्याच सभेत त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "हा आपला बहादूर!" प्रेमाने म्हणालात, माहीत आहे मला. नाव सांगायला त्याने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात तुम्ही घोषणा दिलीत.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तुम्हाला अध्यक्षपदावरून दूर करावं असा ठराव येणार आहे. साईनाथ म्हणतो, मांडायची कोणाची छाती होणार नाही. मी मांडणार आहे. आईला सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली.

ठराव मागे घेण्याचा एकच रस्ता आहे. गाडी करून या, काठी टेकत या, पण या, आणि त्याला हाक मारा. त्याचं नाव बिनोय नार्झारी. तुम्ही आलात तर मला किती आनंद होईल, हे इथे लिहून सांगता येणार नाही. नाही आलात, तरी मी मांडेन.

औषधं वेळेवर घ्या.

तुमची मुलगी,
आणि रविवारच्या ठरावाची सूचक,
हेमा