मलावीच्या गिरणीला माझा सल्ला

६ एप्रिल २०२०, सोमवार
भार्गवीच्या बाईंनी मुलांना घरी बसून रोज डायरी लिहायला सांगितली आहे. नात लिहीत नाही, वही वाया जाते, म्हणून मी लिहिते. चौथी पास आहे. बचत गटाची अध्यक्ष म्हणून चौदा वर्षं तेवढं पुरलं.
तीन महिन्यांसाठी लेकाकडे परदेशात, शॅननला आले आणि लॉकडाऊन लागला. खिडकीतून विमानतळ दिसतो. विमान दिसत नाही.
शेजारीण चिसोमो आफ्रिकेतल्या मलावी देशाची. गरीब देश. म्हणून भिंतीवरून माझी जुनी शाल आणि वाटीभर शिरा दिला. सूनबाई रेवती कपाळाला हात लावून म्हणाली, आई, त्या लिमरिक शहरात कॉलेजात प्रोफेसर आहेत! म्हटलं, मग प्रोफेसरला थंडी वाजत नाही का?

१२ एप्रिल, सकाळी अकरा
चिसोमोने शाल धुऊन परत दिली. वर केक. मानी बाई आहे.
तिच्या देशातली गरिबी का हटत नाही, यावर ती पुस्तकं लिहिते. (हटवायची कधी?) आता तिकडच्या एका गावात चाळीस बायकांना मिळून मक्याची गिरणी मिळणार आहे. आज त्या डोक्यावर मका घेऊन अर्धा अर्धा दिवस चालतात. गिरणी कोणाच्या ताब्यात द्यायची, ते चिसोमोने लिहून द्यायचं. मला विचारते, तुमच्याकडे कसं करतात?
बरोबर दारात आली. आमच्या गटाला सरकारने मसाला कांडायचं मशीन दिलं, ते माझ्याच पडवीत आहे.
ठरलं. आफ्रिकेची गरिबी मनावर घ्यायची. जूनपर्यंत संपवायची, मग गावी.

२५ एप्रिल
लीलावतीचा फोन. आमच्याच गटातली, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची. म्हणे, अक्का, मजुरी बंद आहे, घरात काही नाही, पडवीची किल्ली द्या, मसाला कांडून विकतो. किल्ली माझ्याजवळ, इथे. गावात ठेवली असती तर हरवली असती.
सांगितलं, महिनाभर कळ काढा, मशीन कुठे पळून जात नाही.
म्हणाली, तेच तर, अक्का. जागचं हलत नाही.
बोलायला लागली आहे.

९ मे, शनिवार
चिसोमो वही घेऊन परसात आली. दोन मीटरवर खुर्च्या. मी सांगायचं, भार्गवीने इंग्रजी करायचं.
सांगितलं, चाळीसजणींच्या हातात काही देऊ नका, एका खमक्या बाईच्या घरात द्या. तिने विचारलं, कांडायची पाळी कशी लागते? आधी माझा मसाला, मशीन तापायला नको का? मग माझ्या जावांचा. मग वीज उरली तर वस्तीवरच्यांचा. विचारते, उरते का? म्हटलं, नाही उरत, आता वीज काय मी तयार करते?
तिने सगळं लिहून खाली दोन रेघा मारल्या. मास्तरांनी माझ्या वहीत रेघा मारल्या, पण त्या अशा नव्हत्या. भार्गवीला विचारलं, काय म्हणते? म्हणाली, व्हेरी युजफुल, आजी.

३० जून
आफ्रिका थोडी राहिली आहे. विमानही नाही.
लीलावतीचे अकरा फोन. उचलले नाहीत. इथून उचलून काय होणार? रेवती म्हणते, किल्ली कुरिअरने पाठवा. म्हटलं, कुरिअरवाल्याने मशीन पळवलं तर? उठून आत गेली.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
पुन्हा सगळं बंद. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मी गेटच्या पुढे जात नाही, मला काय.
ऑगस्टपासून लीलावतीचा एकही फोन नाही. दुर्लक्ष केलं की माणसं शहाणी होतात. हेही चिसोमोला लिहून घ्यायला लावलं.

२६ जानेवारी २०२१
चिसोमोचा गिरणीचा रिपोर्ट झाला. माझ्यावर अख्खं पान! नाव नाही, नुसतं 'एक अध्यक्ष'. मोठ्या माणसांची नावं घेत नाहीत. जयदीपने वाचला आणि म्हणाला, आई, राहू दे. पोटच्या पोराला आपला हेवा वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.
महिला दिनाला आमच्या गटातली बाई झूमवर मलावीच्या बायकांशी बोलणार, असं ठरलंय. भाषण लिहायला घेतलं.

७ मार्च
भाषण नऊ पानी. रेवतीला वाचून दाखवलं. दुसऱ्या पानावरच म्हणाली, ग्रँड आहे, आई.

८ मार्च, दुपारी
इरकल नेसून बसले. स्क्रीनवर चाळीस बायका, आणि एका चौकोनात लीलावती. मागे शाळेचा व्हरांडा. व्हरांड्यात आमचं मशीन. चालू.
तिचा नंबर चिसोमोला भार्गवीने दिला. आमच्याच घरातून.
लीलावती बोलली. वाट बघून थकलो, ग्रामसेवकाला बोलावलं, पंचांसमोर कुलूप तोडलं, घरमालकाने फोनवर परवानगी दिली. घरमालक म्हणजे जयदीप. ऑगस्टमध्ये! पाळी आता चिठ्ठ्या टाकून, आणि पहिला दिवस ओढ्यापलीकडचा. भार्गवी भराभर इंग्रजी करत होती. माझं बोलणं इतक्या उत्साहाने कधी केलं नाही.
मलावीची गिरणीही कोणाच्या घरी जाणार नाही. बाजाराच्या ओट्यावर बसणार, किल्ल्या तिघींकडे.
तिकडच्या एकीने विचारलं, आधीच्या अध्यक्षांचं काय झालं? लीलावती म्हणाली, त्या परदेशी असतात. त्या होत्या तोवर मशीन अगदी नवंकोरं राहिलं.
चाळीस बायका हसल्या. मी उत्तर दिलं, चांगलं खणखणीत. कोणी वळून बघेना. चिसोमोने आमचा आवाज बंद ठेवला होता.

९ मार्च
लीलावतीने व्हॉट्सअॅपवर राजीनाम्याचा फॉर्म पाठवला. बँकेला लागतो म्हणे. रेवतीने प्रिंट काढून नाव, गाव भरलं. खाली 'कारण' असा रकाना. म्हटलं, एवढ्याशा जागेत मावणार नाही, वेगळा कागद जोडावा लागेल.
जयदीप म्हणाला, रिकामा सोडला तरी चालतो, आई.
सही केली.