माथ्यावरून, मर्दासारखे

३ मे १९०१, ट्रान्सव्हाल, दक्षिण आफ्रिका
कॅप्टन व्हेरल आज घोड्यावरून जाता जाता म्हणाले, "तुमचे नाव वर पाठवतोय." म्हणजे महिनाअखेर मी लेफ्टनंट. माझ्यासारखा लॅटिनचा मास्तर कॉर्पोरल म्हणून सडत होता, तो अन्याय संपला!
आता पुरुषत्वाचा विषय पद्धतशीर मांडायला हवा. पहिले अंग, ताठ कणा. दुसरे, शत्रूपासून न लपणे. सभ्य घरात ही दोन्ही उपजत असतात. खालच्या वर्गाला शिकवावी लागतात. शिकवणार.

६ मे
शिकवले. संताप!
आमच्यातला शिपाई टगवेल हा लीड्सचा कोळसागाडीवाला. गोळीचा आवाज आला की पोटावर आडवा होतो आणि तिथेच पाइप पेटवतो. गृहस्थ उभा राहतो, हे मी त्याला सोदाहरण समजावले. तो म्हणाला, "राहा की मास्तर उभे. आम्हाला तेवढाच आडोसा." सगळे फिदीफिदी हसले.
निश्चय: यापुढे संतापायचे नाही. ते हलक्या कुळाचे लक्षण.

७ मे
संतापलो. कारण रास्त होते.

१२ मे, सकाळ
टेहळणीची तुकडी माझ्या हाती! कॅप्टन स्वतः निघणार होते, पण त्यांच्याकडे कर्नल जेवायला येत आहेत. ही कामगिरी फत्ते, की नेमणूक पक्की.
टगवेलला ओढ्यातून जायचे आहे. घोडे पाणी पितील म्हणे. ओढ्यातून चोर जातात. आम्ही डोंगरमाथ्यावरून, साऱ्या मुलखाला दिसत जाणार.

१३ मे
दिसलो.
शत्रूने, म्हणजे बोअर शेतकऱ्यांनी, चारी बाजूंनी बंदुका रोखल्या. शरणागतीचेही शास्त्र असते: अधिकाऱ्याने तलवार सुपूर्द करावी. तलवार नव्हती, म्हणून मी शिट्टी पुढे केली. दाढीवाला म्हातारा म्हणाला, "शिट्टी राहू दे तुला. विजार काढ."
कैदी पोसायला त्यांच्याकडे अन्न नाही. म्हणून घोडे, बूट, कपडे काढून घेतात आणि माणसे हाकलून देतात. अधिकाऱ्याची विजार दर्जानुसार राहू द्यावी, असे मी बजावले. म्हाताऱ्याने टगवेलला विचारले, हा खरंच अधिकारी का रे? टगवेल म्हणाला, "अजून नाही, बाबा. आमच्यावर सराव चाललाय."
नीच! ही वही मात्र त्यांनी परत केली. पाइप पेटवायला कागद जाड पडतो म्हणे.

१४ मे
उघड्या माळावरून पायी. इथे मे म्हणजे कडाक्याची थंडी. कमरेला गवत. मी अर्थातच आघाडीवर होतो. मागे वळून पाहतो तो सगळी तुकडी टगवेलच्या मागोमाग दुसऱ्याच वाटेने चाललेली! तो अंगावर चिंधी नसताना छाती काढून, शिव्या देत, गाणी म्हणत चालला होता आणि हे मेंढरांसारखे त्याच्यामागे. गणवेषाविना दर्जा ओळखावा कसा, याविषयी नियमावलीत अवाक्षर नाही. वर लेखी कळवणार.
मीही त्याच वाटेने गेलो. देखरेख हवी.

१५ मे, छावणी
कॅप्टन तंबूबाहेर चहा घेत होते. एका हाताने गवत सावरून दुसऱ्याने सलाम ठोकला. कणा ताठ.
त्यांनी आपादमस्तक पाहिले आणि विचारले, "नाव काय तुमचे?"
अखेर! नेमणुकीचा कागद! "एडमंड लार्कवर्दी," मी एकेक अक्षर सुटे करून सांगितले.
कॅप्टन मागे वळून ओरडले, "ह्याला एक घोंगडी द्या रे कुणीतरी. आणि नाव लिहून ठेवा, परत घ्यायची आहे."
मग वर कोणाचे नाव पाठवत होते?