उतार डोंगर की पाणी?

घोडपदेव, ९ डिसेंबर १९५८

अण्णामामांना लक्ष्मीचा नमस्कार. गुडघा आता वाकतो का, मामींचा खोकला गेला का, तेही लिहा. आधी झालं ते क्रमाने:

१. चाळीच्या अंगणातल्या ओट्याला मी सिमेंटचा उतार बांधून घेतला.
२. मुलांचं भांडण झालं.
३. मोठ्यांचं झालं.
४. उतार एकवीस तारखेला, रविवारी, फोडायचं ठरलं.

(दोनवरून तीनवर आपण कसे आलो, ते मला अजून कळलेलं नाही.)

शेजारच्या रखमाची चंपा तुम्हाला आठवत असेल. पोलिओनंतर तिच्या पायांना लोखंडी पट्ट्या आहेत. मुलं डोंगर-पाणी खेळतात ते तुमच्याच वेळचं: ओटा म्हणजे डोंगर, अंगण म्हणजे पाणी, ज्याच्यावर राज्य, त्याने पाण्यात सापडेल त्याला पकडायचं. चंपाला ओट्यावर चढता येत नाही, म्हणून ती कायमची लिंबूटिंबू (खेळात असते, पण तिला कुणी पकडत नाही आणि तिच्यावर राज्यही येत नाही). मी ऑफिसात दिवसभर इमारतींचे नकाशे काढते. मला हे काम सोपं वाटलं. बारा फुटांना एक फूट चढ धरला, कडेला कठडा दिला. पहिल्याच संध्याकाळी चंपा कुणाचा हात न धरता निम्म्या उतारापर्यंत आली, आणि तिथे दौलतने तिला शिवलं. राज्य त्याच्यावर होतं.

उतार डोंगर की पाणी, हे माझ्या नकाशात नव्हतं.

गंगुबाई गॅलरीतून ओरडल्या, "उतारार चढली म्हणजे डोंगरार चढली! सोड तिका, मेल्या!" दौलतची आई राधाबाई खालून म्हणाली, "मेल्या कुणाला म्हणता हो?" इतक्यात चाळ कमिटीचे चिटणीस बाबुराव सीमाप्रश्नाच्या सभेहून परतले. फरशी हा घटक धरावा, सलगता पाहावी आणि बहुमताने निकाल द्यावा, असं त्यांनी सुचवलं. उताराला फरश्याच नाहीत, हे मी सांगितलं. "तू मधे तांत्रिक मुद्दे काढू नकोस," ते म्हणाले. मग मी मध्यावर खडूने रेघ मारली: वर डोंगर, खाली पाणी. आता रेघेच्या वरचे आणि खालचे असे दोन पक्ष झाले आहेत, आणि ते नळावरही एकमेकांशी बोलत नाहीत. वाद नको म्हणून उतारच नको, असा ठराव झाला.

ता. क. तुम्ही आणि बाबुराव याच अंगणात खेळलात. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. पत्र खरं त्यासाठीच आहे. उतार म्हणजे डोंगर, एवढं लिहा, म्हणजे वाद मिटेल आणि उतारही राहील. चंपाला मग कुणी पकडणार नाही.

आणखी एक ता. क. वरचं चंपाला वाचून दाखवलं. ती चिडली. "म्हणजे मी परत लिंबूटिंबूच ना? दौलतने शिवलंय मला. राज्य माझ्यावर आहे!" तिचं हे पहिलंच राज्य, मोठ्यांच्या भांडणात ते तसंच राहून गेलं. वरचा ता. क. रद्द समजा. उतार म्हणजे पाणी, असं लिहा.

उत्तर शनिवारपर्यंत, वीस तारखेला, बाबुरावांच्या हाती पडावं.

लक्ष्मी