घरचं गाणं सपाट पेटीवर, मिरवणूक माझ्या पेटीवर

मी, मालनबाई सावळीराम पगारे, वय चोपन्न, धंदा ॲम्प्लिफायर दुरुस्ती, राहणार द्वारका, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडलाय. शाळा चौथीला सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नयेत.

१. घर आणि दुकान माझी मुलगी तेजल हिला. ती इंजिनिअर आहे. आधी कागदावर आखते, मग बनवते. मी आधी खोलते, मग कानाला बरं वाटेपर्यंत कंडेन्सर बदलत बसते. यावरून रोज जुंपते.
"आई, बनवणाऱ्याने काही विचार केला असेल ना?"
"केला असेल. भीमजयंतीची मिरवणूक पाहिली होती का त्याने?"

२. माझी घुमणारी पेटी, म्हणजे मी बदलून बदलून केलेला ॲम्प्लिफायर, पुतण्या संघर्ष याला. मिरवणुकीत तीच वाजेल. त्याची आई, माझी जाऊ विमलाबाई, म्हणायची, "बाईमाणसाने तारा कशाला कुरतडायच्या?" तिला फाटका भोंगा. कानाला लावून बसावं.

३. आता खरा तंटा. आमचे हे गायचे; ते गेले, त्यांच्या गाण्याची एकच कॅसेट उरलीय. संघर्षला ती माझ्या पेटीवर हवी, तेजलला तिच्या.

तेजलने स्वतःचा ॲम्प्लिफायर बनवला तेव्हा ओरडली, "आई, आवाज सपाट आला गं!" मला वाटलं, पोरीचं फसलं. समजूत काढायला शिरा केला. शिरा खाऊन झाल्यावर म्हणते, सपाट म्हणजे चांगला, जसं गायलं तसंच ऐकू येतं, पदरचं काही घालत नाही.
"सपाट पोळपाट असतो," मी म्हटलं, आणि तिला हरवायला यांची कॅसेट लावली.

माझ्या पेटीत हे नुसते गरजायचे. तिच्या पेटीत गाणं संपलं आणि हळूच ऐकू आलं, "मालन, च्या ठेव."
इतकी वर्षं ते माझ्याच घुमण्याखाली दबलं होतं. मी उठले आणि खरंच चहा ठेवला. तेजल हसून हसून लोळली, मीपण.

सबब कॅसेट तेजलला. तंटा मिटला. संघर्षने तोंड वाकडं करू नये.

४. माझ्या मागे रडारड नको. बुद्धवंदना झाली की कॅसेट तेजलच्या पेटीवर लावा. गाणं संपल्यावर कुणी बोलू नका, ते काय सांगतात ते ऐका. मग उठा आणि सगळ्यांसाठी चहा ठेवा. आलं घाला. यांना बिनआल्याचा चालत नसे.

वाचून, समजून सही केली. अंगठा नाही, सही आहे, नीट बघा.

मालनबाई सावळीराम पगारे

साक्षीदार:
खंडेराव जाधव, शेजारचे फुलवाले
ज्योत्स्ना साळवे, शिक्षिका

नाशिक, ३ फेब्रुवारी २०२५