पत्ती पुसायची नाही

१८ जानेवारी २००२, डोंगरकडा

शांताला सायकलीच्या ट्यूबा आणायच्यात म्हणून सांगितलं आणि कळमनुरीला दवाखान्यात जाऊन आलो. बायकोशी खोटं बोलायची सवय नाही, म्हणून खरंच दोन ट्यूबा विकत घेऊन आलो. दुकानात आधीच ढीग आहे.

खोकला कधीपासून, असं डॉक्टरनं विचारलं. दिवाळीपासून, म्हणालो. दसरा म्हणायचं होतं, धीर झाला नाही. रुमालावर लाल दिसलं तेही सांगितलं. त्यानं मान वर न करता लिहून घेतलं. निदान दचकायचं तरी.

एक डबी दिली आहे. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरायच्या आधी, आतून खोकून तपासणीसाठी तिच्यात थुंकी काढायची.

पान खातो हे एका परीनं बरं. घरात लाल रंगाचं कुणाला काही वाटत नाही.

२० जाने.

डबी देऊन आलो. निकाल ३० तारखेला. तोवर खोकताना तोंडावर रुमाल, आणि लेकरांजवळ बसायचं नाही. टीबी हा शब्द त्यानंही उच्चारला नाही, मीही नाही. दोघं शहाणे.

आम्हाला लेकरू नाही. आज पहिल्यांदा वाटलं, बरंय नाही ते. मग असं वाटल्याचा रस्ताभर राग येत राहिला.

२१ जाने.

शेजारच्या एस्टीडीवर वहिनीचा फोन. आठ-नऊ महिन्यांनी.

"भावजी, पौषाच्या मुक्कामाला या. ह्यांनीच सांगितलंय, पण ते काही फोनवर यायचे न्हाईत."

दादा आणि फोनवर! गेल्या वैशाखात औंढ्याच्या लग्नात वरातीत माझा सूर तुटला, तेव्हा चारचौघांत म्हणाला होता, "सूर धरता येत न्हाई तर पंक्चरच काढत बस." ते बसून राहिलं मनात. तो सनई वाजवतो, मी त्याच्या मागे सूर धरतो. दुसरी सनई, एकच स्वर, नाकानं श्वास घेत गालांनी सोडायचा, तुटू द्यायचा नाही. पंचवीस वर्षं तुटला नव्हता. त्या दिवशी छातीत हवाच राहिना. तेव्हा वाटलं, वय झालं.

मी येतो म्हणालो. तेवढ्यात वहिनीनं पुढचं सांगितलं. "सोन्या यंदा तोंड लावणार हाय. तुमच्या मागनं. तुमी न्हाई आले तर कसं व्हईल?"

सोन्या दादाचा नातू. आठ वर्षांचा.

२३ जाने.

झोप नाही. नीट मांडून बघतो.

पौषात लग्नं नसतात, वाजंत्री माणूस रिकामा. म्हणून आज्याच्या वेळेपासून आमची भावकी पौषी पौर्णिमेला औंढ्याच्या अलीकडं ओढ्याकाठच्या आमराईत उतरते. पालं टाकायची, बाहेर चुली मांडायच्या, आणि वर्षातून एकदा कुणाच्या लग्नासाठी नाही, आपल्यासाठी वाजवायचं. शेवटच्या दिवशी आज्याची सनई निघते. सगळ्यांनी तीच वाजवायची, तोंडात धरायच्या एकाच पत्तीनं. ह्याच्या तोंडातली ओली पत्ती त्याच्या तोंडात. पुसायची नाही. पत्ती पुसली की नातं पुसलं. चुलतभावांपासून सुरू होते, मग दादा, मग मी. नवं लेकरू असेल तर ते सूर धरणाऱ्याच्या मागं, कारण आधी सूर शिकायचा, मग गाणं.

म्हणजे माझ्या तोंडातली पत्ती थेट सोन्याच्या तोंडात.

नाही गेलो तर? जो तोंड लावत नाही तो भावकीतून उतरला. माघात लग्नं सुरू झाली की मला कोण बोलावणार? आणि दादा म्हणेल, बघा, एका शब्दावर रुसून भाऊ तोडला.

खरं सांगितलं तर? हे तर त्याहून वाईट. क्षयवाल्याला कोण वरातीपुढं उभं करतं? शांताला पाण्यावर कोण येऊ देईल?

तोंड लावल्यासारखं करावं. पण सनई खोटं बोलत नाही. फुंक गेली नाही तर वाजणार नाही.

भीती वाटते. आणखी काय लिहू.

२६ जाने., आमराई

पोचलो. तीन पालं, दोन बैलगाड्या, एक टेम्पो. शांता लगेच बायकांत मिसळली. मी आमचं अंथरूण पालात न टाकता लांबच्या आंब्याखाली टाकलं. शांताला म्हणालो, घोरतो मी, लोकांना त्रास नको. ती म्हणाली, "घोरणं आजच आठवलं व्हय?"

दादा भेटला. वाळलाय. मला बघून चुलीतलं लाकूड सारखं करत बसला. मग म्हणाला, "आलास."

"आलो."

झालं. आमच्या घराण्यात एवढ्यावर भांडण मिटतं.

सोन्या मात्र येऊन चिकटला. "धाकटे आजोबा, सूर तुटू नये म्हून काय करायचं?" तोंड फिरवून सांगितलं, नाकानं श्वास घे, गाल फुगव. तो मांडीवर चढायला बघत होता. मी उठलोच. लेकराचं तोंड एवढंसं झालं.

२७ जाने.

आजची सकाळ चांगली गेली म्हणायला हवी. ऊन, हुरडा, आणि दादा वाजवायला बसला. मी मागं सूर धरला, माझी स्वतःची सनई. कसाबसा टिकला. मधे दादानंच थांबून खाकरलं, बिडी टाकली, पुन्हा सुरू केलं. पहिल्यापासून त्याचा खोकला म्हणजे गावचा भोंगा. त्याच्या आवाजात माझा खपून जातो हे बरं.

दुपारी गया आत्या उन्हात बसून पत्ती बांधत होत्या. वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढं, पण दोऱ्याचा वेढा अजून चुकत नाही. कितीतरी वेळ बघत बसलो. ताडाची ती पातळशी पत्ती, दाबून, सोलून, पाण्यात भिजवून... नखाच्या एका दाबानं फुटेल.

"काय बघून राहिला रे?"

"काही न्हाई आत्या."

"फुटली तर नवी बांधीन, पन फोडनाऱ्यानं त्या सालापुरतं तोंड लावायचं न्हाई. तुझ्या आज्यानं घातलेला नेम हाय." उगाच सांगितलं त्यांनी. की उगाच नाही?

ते ऐकल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही.

२८ जाने., पौर्णिमा

केलं.

जेवणं झाल्यावर सगळे गोल बसले. सोन्या माझ्या डाव्या हाताला, नवा सदरा, केसांना तेल. आज्याची सनई चुलतभावांकडून फिरत दादाकडं आली. दादानं वाजवली, थोडीच, पण काय वाजवली. सगळ्यांच्या माना खाली. मग त्यानं ती तोंडातून काढली आणि माझ्यापुढं धरली. पत्ती ओली, चमकत होती. दादा माझ्याकडं बघत होता. गेल्या वैशाखानंतर पहिल्यांदा सरळ बघत होता.

घेतली. कपाळाला लावली. तोंडाकडं नेताना अंगठा पत्तीवर ठेवला आणि दाबला.

आवाज कुणाला आला नसेल. मला आला.

"फुटली," मी म्हणालो.

शांतानं कपाळावर हात मारला. दादा मात्र माझ्या अंगठ्याकडं बघत होता. पन्नास वर्षं पत्त्या हाताळलेला माणूस, त्याला काय समजणार नाही!

"अजून राग हाय व्हय तुला?" हळूच म्हणाला. "मला काय बोलायचं ते बोलायचंस. आज्याच्या पत्तीवर काहून काढलास?"

मी सनई आत्यांपुढं ठेवली. बोलायला तोंड होतं कुठं?

आत्यांनी नवी पत्ती लावली. फेरा पहिल्यापासून. मी गोलाच्या बाहेर, चुलीपाशी. चुलतभाऊ, दादा, आणि मी नाही म्हणून दादानं स्वतः सोन्याला मांडीवर घेतलं आणि आपल्या तोंडातली सनई त्याच्या तोंडात दिली. पोरानं गाल फुगवले. सूर निघाला, वेडावाकडा, पण निघाला. सगळे हसले, बायकांनी बोटं मोडून दृष्ट काढली.

मला रडू आलं. लोकांना वाटलं, लाजेनं. वाटू दे. पोर वाचलं.

२९ जाने., घरी

शांता बोलत नाही. गाडीतही बोलली नाही. निघताना दादा टेम्पोआड उभा होता, बाहेर आलाच नाही.

तरी आज जेवण गेलं. खूप दिवसांनी दोन भाकरी.

३० जाने.

आहे.

डॉक्टरनं कागद दाखवला. लिहिलंय तसं. आधी ऐकूच येईना. मग त्यानं सांगितलं, सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही, बरा होतो माणूस. फुंकायचं काम बंद. सूर धरणाऱ्याला फुंकू नको म्हणतो. मी हसलो, तो नाही हसला.

मग विचारलं, "घरात आणखी कुणी खोकतं का?"

"न्हाई. आमी दोघंच."

बायकोला तपासायला आणा, म्हणाला. आणखी डब्या दिल्या. जास्तीची एक मी आपणहून मागून घेतली. का मागितली ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी शांताला सगळं सांगितलं. पत्तीचंही. वाटलं होतं रडेल. ती भांडी घासायचं थांबली नाही.

"तुमचे रुमाल मीच धुते ना? पानाचं लाल अन हे लाल मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी सांगायची वाट बघून राहिले होते."

एवढे दिवस मी एकटाच भितोय असं समजत होतो. रात्रभर ती माझ्या शेजारी भीत पडलेली असायची आणि मी घोरण्याचं निमित्त सांगत होतो. लाज वाटली.

३१ जाने.

शांतानं आज चहा देताना सांगितलं. आमराईत ओढ्यावर धुणं धूत असताना वहिनी म्हणाली होती, "ह्यांचं अंग रोज सांजंला तापतं. रात्री घामानं सदरा भिजतो. बिडी काही सुटत न्हाई."

शांताला तेव्हाच कळलं होतं. पण सांगायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं.

चहा तसाच राहिला.

पंचवीस वर्षं त्याच्या खांद्यामागं उभा राहून सूर धरला, त्याचा श्वास कुठं संपतो ते मला त्याच्याआधी कळायचं. आणि हा खोकला ओळखू आला नाही. बिडीचा म्हणे! गेल्या पौषात त्याच्या तोंडातली पत्ती मी घेतली होती, की त्याच्या शेजारी रोज उभं राहून... काय माहीत कुणाकडून कुणाकडं. आता ते शोधून काय करायचं.

पण त्या रात्री मी पत्ती फोडली नसती तर मधे मी होतो. मी बाजूला झालो म्हणून ती सरळ त्याच्याकडून सोन्याकडं गेली. पोराला वाचवायला निघालो आणि...

उद्या जाऊ. नाही, परवा. उद्या शांताला दवाखान्यात न्यायचंय.

२ फेब्रुवारी, दादाच्या ओसरीवर

वारंगा फाट्यावर गाडी बदलताना परतीची गाडी समोरच उभी होती. तिच्या दारापर्यंत गेलोही होतो. डबी खिशात टोचत होती.

गल्लीत शिरताना सूर ऐकू आला. सोन्याचा. तुटत होता, पुन्हा धरत होता.

दादा अंगणात बसलेला, दोन फडकी पांघरून, उन्हात. मला बघून म्हणाला, "आता काय मोडायला आलास?"

उभ्यानंच सगळं सांगितलं. माझा कागद, अंगठा, सोन्या, डबी. मधे दोनदा खोकलो, रुमाल धरून. वहिनी दारात येऊन थांबली. दादानं मधे तोंड घातलं नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मग म्हणाला, "म्हंजी पोराला तुझ्यापासून काढलंस, अन माझ्या हातात दिलंस."

"व्हय."

"मला काही झालं न्हाई."

"नसंल झालं. डबीत थुंकायला काय जातं?"

त्यानं डबी घेतली नाही. वहिनीनं घेतली. आत जाऊन उद्या सकाळच्या चुळीच्या तांब्याशेजारी ठेवली.

तेवढ्यात सोन्या सनई घेऊन बाहेर आला. त्याला शिकायला दिलेली जुनीच, दादाची. "आजोबा, सूर तुटून राहिला. दाखवा ना." सनई पुढं केली. दादानं सवयीनं घेतली, ओठांपर्यंत नेली, आणि थांबला.

माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

मग त्यानं धोतराचा सोगा घेतला आणि पत्ती पुसली. नीट, दोन्ही बाजूंनी. तोंडाला लावली नाही. पोराला परतही दिली नाही. मांडीवर आडवी ठेवून बसला.

आज मी परत जात नाही. सकाळी डबी भरली की दोघं मिळून कळमनुरी. सोन्यालाही न्यायचंय. तो तेव्हापासून आमच्या दोघांसमोर लांब उभा राहून एकच विचारतोय.

"आजोबा, पुसली काहून?"