रिकाम्या शवपेटीवर विलाप न करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक श्री. हर्शानी तिहामेर,
सांस्कृतिक भवन, शाशफॉल्वा.

विषय : संस्कृती दिनाच्या कार्यक्रमातून माझा विलाप वगळणेबाबत.
संदर्भ : आपल्या सहीची ७ जानेवारीची नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, विधवा गोर्डोश एतेल, राहणार चर्चमागची गल्ली, सविनय कळविते की, गावात कुणी गेले की त्याच्या उशाशी बसून, त्याला नावाने हाका मारून विलाप करणारी आता मी एकटीच उरले आहे. नाव घेतल्याशिवाय विलाप होत नाही आणि जिवंत माणसाचे नाव त्यात चुकूनही घ्यायचे नसते, एवढे माझ्या सासूने मला बजावले होते.

गेल्या वर्षी २२ जानेवारीला, हंगेरियन संस्कृती दिनी, आपण मला रंगमंचावर रिकाम्या शवपेटीजवळ बसवलेत. नाव कुणाचे घेऊ, असे विचारताच, "अहो मावशी, घ्या हो कुणाचंही! शहरातल्या पाहुण्यांना काय कळतंय?" असे आपण म्हणालात. गावात बालाम्बेर नावाचे कुणी नाही, म्हणून मी ते घेतले. पाहुण्यांची बस चालवणाऱ्याचे नाव नेमके तेच निघाले. बिचारा मागच्या रांगेत बसला होता, टाळ्याही त्यानेच सगळ्यांत जोरात वाजवल्या. तो घरी पोचलाच नाही. रस्त्यावर बर्फ होता, असे आपले म्हणणे. असेल.

नाताळाआधीच्या तालमीत मी धसका घेऊन आमच्या पाळीव हंसाचे नाव घेतले. सकाळी तो खुराड्यात ताठ झालेला. आपण पोट धरधरून हसलात आणि "मग काय, मेजवानी झाली म्हणायची!" म्हणालात. आम्ही तो खाल्ला नाही, पुरला.

या वर्षी टीव्हीवाले येणार, म्हणून आपला नवा हुकूम, "इल्काचं नाव घ्या मावशी. पोटची पोर आहे, डोळ्यांना खरं पाणी येईल." इल्का आपल्याच भवनात कारकून आहे आणि तिची नोकरी आपल्या हाती आहे, हेही आपण हसत हसत सांगितलेत. ती पोरगी मलाच वेड्यात काढते. "आई, तुझं आपलं काहीतरीच!" म्हणते. साहेब, मला एवढी एकच लेक आहे. मला भीती वाटते. तिचे नाव त्या पेटीवर माझ्या तोंडून निघणार नाही म्हणजे नाही.

तरी मला या कार्यक्रमातून वगळावे. त्याऐवजी भरतकाम मांडून बसेन, साऱ्या पाहुण्यांना भरलेली कोबीची पाने रांधून घालीन.

वगळणे आपणास जमणार नसेल, तर मी येईन. आमच्याकडे ज्या घरून विलापाचे बोलावणे येते, नाव त्या घरच्याच माणसाचे असते. हे बोलावणे आपल्या सहीचे आहे. मात्र विलापात माणसाला त्याच्या लाडक्या नावाने हाक मारावी लागते. आपल्या आईसाहेब आपणास लहानपणी काय म्हणत, तेवढे कृपया रविवारपर्यंत कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
गोर्डोश एतेल
१४ जानेवारी

सोबत : छापील कार्यक्रमपत्रिका, माझ्या नावावर रेघ मारून.