सपाता सरळ करणारी नर्स

क्वीन्सटाउन, सिंगापूर
४ मार्च २०२४

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र खणात ठेवायचं आणि फोनवर काही ऐकू येत नाही म्हणून कुरकुर करायची, हे तुलाच जमतं. त्या निमित्ताने माझं मराठी लिहिणं टिकून आहे म्हणा. तुझा नातू वेदांत मराठीत वाक्य सुरू करतो आणि मध्येच इंग्रजीत शिरून इथल्या लोकांसारखं शेवटी 'ला' लावून संपवतो. तू ऐकलंस तर कान धरशील.

नवीन बातमी म्हणजे आमच्या ब्लॉकमध्ये आठव्या मजल्यावर रूथ हॅडली नावाची अठ्ठ्याऐंशी वर्षांची अमेरिकन बाई आली आहे. तिची लेक इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवते. रोज सकाळी रूथ खाली बाकावर बसते आणि मला ऑफिसला उशीर करवते. तिने तिकडे साठ सिनेमांत कामं केली. नायिका एकदाही नाही. शेजारीण, घरमालकीण, टपाल कचेरीतली बाई, तुरुंगाची रखवालदारीण. चेहरा सगळ्यांना ओळखीचा आणि नाव कुणालाच माहीत नाही. एकाने तिला आपली जुनी दंतवैद्य समजून भर रस्त्यात दाढ दाखवली. तिनेही वाकून बघितली आणि मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितल्या.

तिच्या एका जुन्या फोटोची प्रत सोबत पाठवते. त्यात ती नर्स झाली आहे. टोपी अगदी तू ड्युटीला घालायचीस तशी आहे, म्हणून मला गंमत वाटली.

गुडघ्याला तेल लाव, आणि आमच्यावर माया आहे तशीच असू दे.
तुझी भाची,
जान्हवी

नागपूर
२१ मार्च २०२४

चि. जान्हवीस,
सप्रेम जयभीम व पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

फोटो पाहिला आणि ही बाई ओळखली. आता लिहिते ते वाचून पोटात ठेव.

एकाहत्तर साली मी कॉलेज बुडवून सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमा बघायला गेले होते. भाषा कळत नव्हती, नावही आता आठवत नाही. युद्धातला दवाखाना होता. एक नर्स ट्रे घेऊन येते, जखमी शिपायाची नाडी बघते. थोड्या वेळाने तो मरतो. नायिका त्याच्या छातीवर पडून रडते, सगळं थिएटर रडतं. आणि मागे ही नर्स वाकून त्याच्या पलंगाखालच्या सपाता सरळ करते, जोडीने लावते आणि निघून जाते. मी रडणाऱ्या नायिकेकडे बघितलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात नर्सिंगचा फॉर्म आणला.

ती नाडी अंगठ्याने बघत होती, म्हणून मीही पहिल्या दिवशी अंगठ्याने बघितली. शिकवणाऱ्या सिस्टरने हातावर फटका दिला आणि सांगितलं की अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, तू स्वतःलाच मोजते आहेस. कुठे शिकलीस म्हणून विचारलं, तेव्हा मी बोटं बदलून पुन्हा मोजायला लागले. सपाता मात्र मी सदतीस वर्षं लावल्या. ज्या ज्या पेशंटने डोळे मिटले, त्याच्या.

आता खरी गोष्ट. बाबांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, मला मास्तरीण करायचं होतं. माझ्याशी ते सहा महिने बोलले नाहीत. पुढे मला नोकरी लागली, वस्तीत मान मिळाला, तेव्हा तेच सांगायला लागले की या बाबूरावाने पोरीला नर्सिंगला घातलं. त्यांचा चेहरा असा फुलायचा की मी हो म्हणत राहिले. ते गेल्यावर प्रत्येक सत्कारात मी तेच सांगितलं. शिक्षणाचं श्रेय बापाकडून काढून सिनेमाला द्यायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तेव्हा कुणाला सांगू नकोस. त्या बाईलाही नाही.

वेदांतला गोड पापा. आठवण ठेव.
तुझी आत्या,
मीरा

क्वीन्सटाउन
८ एप्रिल २०२४

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझी आज्ञा पाळते आहे, पण जड जातंय. रूथची विस्मृती वाढली आहे. परवा लिफ्टमध्ये स्वतःचा मजला तिला आठवेना. लेक घाबरली आहे. डॉक्टर म्हणतात की महिना-दोन महिन्यांत माणसं ओळखेल की नाही सांगता येत नाही.

काल ती बाकावर रडत होती. म्हणाली की नायिकांना निदान कुणीतरी आठवतं, मी जन्मभर ट्रे आत नेले आणि बाहेर आणले; ट्रे आणणाऱ्या बाईवाचून कुणाचं काय अडलं असतं. मी तिच्या शेजारी बसून होते आणि तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं.

तू रागावशील, तरी विचारते. सांगू का तिला? आजोबांचा मान मी कमी होऊ देणार नाही.

उत्तर लवकर पाठव. तुझ्या रागासकट तुझा लोभ हवा.
जान्हवी

नागपूर
१९ एप्रिल २०२४

चि. जान्हवीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

स्पीडपोस्टने पाठवते आहे, कारण तू रडूबाई आहेस आणि ती बाई म्हातारी आहे. तीन दिवस विचार केला. बाबांनी फॉर्म आणला नाही, पण पहिल्या ड्युटीला सायकलवर डबल सीट तेच घेऊन गेले होते. तेवढं खरंही पुरे आहे. यंदाच्या सत्काराला मी दोन्ही सांगेन. ऐकणाऱ्यांना काय वाटायचं ते वाटो.

माझं मागचं पत्र तिला इंग्रजीत वाचून दाखव. काही गाळू नकोस. अंगठ्याचंही सांग, तिची चूक झाली होती हे तिला कळायला हवं.

जपून राहा, आणि काय झालं ते लगेच कळव.
तुझी आत्या,
मीरा

क्वीन्सटाउन
२ मे २०२४

आदरणीय आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

काल सुट्टी होती. वर त्यांच्या घरी गेले. रूथने मला ओळखलं, पण नाव लेकीला विचारलं. तुझं पत्र मी सावकाश, इंग्रजी करत वाचलं. लेक दाराला टेकून उभी राहिली आणि तिचे डोळे वाहायला लागले.

खरं ते लिहिते. रूथला त्यातलं काहीच आठवलं नाही. तो सिनेमा नाही, शिपाई नाही, सपाता नाहीत. फोटो हातात दिला तरी ती कोण म्हणून विचारलं. मला वाटलं, आपण उशीर केला. आजोबांविषयीचं एवढं मनातलं तू बाहेर काढलंस आणि ते तिच्यापर्यंत पोचलंच नाही.

मग ती म्हणाली की परत सांग. मी पुन्हा सांगितलं, या वेळी उठून, चालून, वाकून. पहिल्यांदाच सिनेमा बघत असल्यासारखी ती पुढे सरकून बघत होती. मी थांबले, तर तिने विचारलं की ती नर्स दारातून बाहेर गेली, मग पुढे तिचं काय झालं?

आत्या, मी सांगितलं. ती नागपूरला गेली, मोठ्या सरकारी दवाखान्यात लागली. सदतीस वर्षं तिने माणसं सांभाळली, मेट्रन होऊन निवृत्त झाली. तिने लग्न केलं नाही, भावाच्या पोरांना वाढवलं. त्यातली एक मी.

रूथने फोटो पुन्हा हातात घेतला. मग लेकीकडे वळून म्हणाली की बघ, पुढे इतकं होतं आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझीच,
जान्हवी